फुलांच्या स्वादाचं थंड क्रीम : गरम असताना घमघमाट, गार झाल्यावर नुसतं गोड दूध

तुमच्या प्रश्नात तीन तक्रारी एकत्र आल्या आहेत. पहिल्या वेळी ताज्या गुलाबपाकळ्या क्रीममध्ये उकळून, जिलेटिन घालून पॅना कोटासारखं (क्रीम जिलेटिनने थिजवून केलेलं इटालियन गोड) केलंत. शिजताना घरभर वास होता, पण फ्रीजमधून काढल्यावर नुसतं गोड दूध लागलं. दुसऱ्या वेळी सुका लॅव्हेंडर दुप्पट घातलात, तर साबण चाटल्यासारखं झालं. आणि दोन्ही वेळा ग्लासात वर पिवळसर जाड थर, खाली पातळ जेली. शिवाय जिलेटिनऐवजी अगर-अगर (समुद्री शेवाळापासून केलेली जेली धरवणारी पावडर) चालेल का, हेही विचारलंत.

थर आणि अगर-अगर यांचा उलगडा तसा सोपा आहे. खरी गोम अशी की तुम्ही चव घेताय गरम असताना आणि खाताय गार झाल्यावर. फ्रीजमधल्या तापमानाला सुगंधी द्रव्यं फारशी उडत नाहीत, त्यामुळे नाकापर्यंत कमी पोचतात. जिभेलाही थंड पदार्थाची गोडी कमी जाणवते. त्यात क्रीमचा स्निग्धांश ही द्रव्यं धरून ठेवतो आणि तोंडात कोमट झाल्यावरच हळूहळू सोडतो. म्हणून थंड क्रीममध्ये फुलाचा स्वाद घास तोंडात घेताच येत नाही, गिळल्यानंतर मागून येतो. तो मागून येणारा स्वाद नेमका किती हवा, हे गॅसजवळ उभं राहून ठरवता येत नाही.

पहिल्या खेपेचं कारण आणखी साधं आहे. घरभर जो वास दरवळला, तो भांड्यातून निघून गेलेला वास. उघड्या भांड्यात उकळलं की हलकी सुगंधी द्रव्यं वाफेबरोबर उडतात, आणि पाकळ्यांमधला तुरटपणा तेवढा क्रीममध्ये उतरतो. लॅव्हेंडरचं उलट. त्यातलं लिनालूल आणि लिनालिल ॲसिटेट ही द्रव्यं साबणात, अत्तरात सर्रास असतात. प्रमाण बेताचं असेल तोवर मेंदू त्यांना फूल म्हणतो, जरा पुढे गेलं की साबण. ही रेघ फार बारीक आहे, आणि दुप्पट माल घातल्यावर ती ओलांडली जाणारच. त्यात लॅव्हेंडर संकरित जातीचं असेल तर कापराचा अंश जास्त असतो आणि चव औषधी होते. खाण्यासाठी लावांडुला अँगुस्टिफोलिया ही जात घ्यायची. पाकिटावर जात लिहिलेली नसेल तर चिमूटभर फुलं चोळून हुंगा. डोकेदुखीच्या बामाची आठवण झाली तर ती कपाटात ठेवायला बरी.

आता उपाय. सगळं क्रीम फुलांत भिजवू नका. काही भागच कडक स्वादाचा करा, उरलेला कोरा ठेवा, आणि दोन्ही चाखत चाखत मिसळा. कमी पडलं तर कडक भाग वाढवता येतो, जास्त झालं तर कोरा. तयार मिश्रणातून स्वाद बाहेर काढता येत नाही, त्यामुळे हा एकच मार्ग हातात राहतो. मिसळताना चव घ्यायची ती मात्र गार करून. स्टीलची छोटी ताटली फ्रीजरमध्ये ठेवून द्या, तिच्यावर चमचाभर मिश्रण पसरा, दोन-तीन मिनिटं पुन्हा फ्रीजरमध्ये ठेवा आणि मग चाखा. कोमट मिश्रण चाखून ठरवायचंच असेल तर स्वाद आणि साखर दोन्ही जरा जास्तच वाटली पाहिजेत.

सहा ग्लासांसाठी, म्हणजे साधारण शंभर-एकशे दहा मिलिलीटरच्या सहा वाट्यांसाठी, प्रमाण असं धरा : क्रीम ४०० मिलि, दूध २०० मिलि, साखर ६५ ग्रॅम, जिलेटिन पावडर ५ ग्रॅम, ती भिजवायला २५ मिलि गार पाणी आणि चिमूटभर मीठ. मीठ विसरू नका, त्यामुळे फुलाचा कडवट कंगोरा बोथट होतो. क्रीमच्या डब्यावर स्निग्धांश किती टक्के लिहिलाय ते बघा. हे प्रमाण ३० ते ३५ टक्क्यांच्या क्रीमसाठी आहे. २० ते २५ टक्क्यांचं असेल तर क्रीम ५०० आणि दूध १०० घ्या. वनस्पती तेलापासून केलेलं, आधीच गोड असलेलं फेटायचं क्रीम इथे घेऊ नका. त्याला स्वतःचा व्हॅनिलासारखा वास असतो आणि टाळूला तेलकट थर चिकटतो. नाजूक फुलाचं त्यापुढे काही चालत नाही.

या ४०० पैकी २५० मिलि क्रीम फुलांसाठी, १५० मिलि कोरं. फुलं किती आणि किती वेळ, हे फुलागणिक बदलतं, म्हणून इथे जरा थांबून सांगते.

सुकी फुलं गरम क्रीममध्ये भिजवायची. क्रीम मंद आचेवर ठेवा, कडेला बारीक बुडबुडे दिसले आणि वाफ निघू लागली की आच बंद करा. हे साधारण ८० अंश सेल्सिअस होतं, उकळी नको. फुलं घाला आणि लगेच घट्ट झाकण ठेवा. झाकणाच्या आतल्या बाजूला जमलेले थेंब पुन्हा भांड्यातच पाडा, सुगंध त्यात असतो. लॅव्हेंडर असेल तर २५० मिलिला एक सपाट छोटा चमचा पुरे. पाच मिनिटांनी चव घ्या, दहा मिनिटांत गाळून टाका. यापुढे सुगंध फारसा वाढत नाही, कडवटपणा वाढतो. सुक्या गुलाबपाकळ्या आठ ग्रॅम घ्या, म्हणजे सैल भरलेल्या दोन मुठी, आणि वीस ते पंचवीस मिनिटं ठेवा. पाकळ्या जुन्या, फिकट झालेल्या असतील तर प्रमाण वाढवून काही साधत नाही. वास गेलेला असतो आणि तुरटपणा शिल्लक असतो.

ताज्या फुलांना आच नकोच. ती गार क्रीममध्ये, फ्रीजमध्ये, झाकण लावून रात्रभर. अत्तराच्या जुन्या धंद्यातही हाच भेद पाळत. गुलाब भट्टीवर चढवून वाफेने त्याचा अर्क काढत, पण मोगऱ्याच्या जातीच्या फुलांना ती वाफ मानवत नाही, म्हणून त्यांच्यासाठी गार चरबीचा थर पसरून त्यावर ताजी फुलं मांडत आणि कोमेजली की बदलत. खुडल्यानंतरही ही फुलं काही तास सुगंध सोडत राहतात, आणि तो चरबीत उतरतो. तुमच्याकडे चरबी क्रीमच्या रूपात आयती आहेच. मोगऱ्याच्या कळ्या संध्याकाळी उमलतात, तेव्हा नुकती उमललेली वीस-पंचवीस फुलं घ्या, हिरवे देठ आणि फुलाखालची हिरवी बशी काढा, हलक्या हाताने धुऊन कापडावर पूर्ण कोरडी करा आणि क्रीममध्ये बुडवा. आठ तासांनी गाळा. स्वाद कमी वाटला तर तीच फुलं आणखी वेळ ठेवू नका, नवी फुलं घ्या. मोगऱ्यात इंडोल नावाचं द्रव्य असतं. थोडं असेल तर फूल भरदार लागतं, जास्त झालं की डांबरगोळीकडे झुकतं. तपकिरी पडलेलं एकही फूल आत जाऊ देऊ नका.

ताजा गुलाब निवडायचा तो नाकाने. दिखाऊ, लांब दांड्याच्या गुलाबाला बहुधा वासच नसतो. ज्याचा वास नाकाला कळत नाही, त्याचा क्रीमला कुठून लागणार? सुवासिक जातीच्या ४० ग्रॅम पाकळ्या घ्या आणि प्रत्येक पाकळीच्या बुडाचा पांढरा भाग कात्रीने कापा. कंटाळवाणं काम आहे, पण कडवटपणा तिथेच असतो. दहा-बारा तास गार क्रीममध्ये ठेवा.

गाळताना दोन गोष्टी सांभाळायच्या. एक म्हणजे पाकळ्या पिळायच्या नाहीत. शेवटचे दोन चमचे क्रीम मिळवण्याच्या नादात तुरटपणा सगळा उतरतो. गाळणीत निथळू द्या, चमच्याच्या पाठीने अलगद दाबा, बस. दुसरं, गाळल्यावर क्रीम पुन्हा मोजा. सुक्या पाकळ्या बरंच क्रीम पिऊन घेतात, २५० चं २०० सहज होतं. ही तूट दुधाने भरून काढा. नाहीतर द्रव कमी आणि जिलेटिन तेवढंच, आणि मग पदार्थ रबरासारखा का झाला याचं कोडं पडतं.

गुलाबपाणी किंवा नारंगीच्या फुलांचं पाणी वापरणार असाल तर भिजवण्याचा भाग नाहीच. गुलाबाच्या सुगंधातलं फेनिल इथाइल अल्कोहोल पाण्यात चांगलं विरघळतं, म्हणून चांगलं गुलाबपाणी या पदार्थात छान काम देतं. सगळ्यात शेवटी, मिश्रण कोमट झाल्यावर घाला. गुलाबपाणी एका मोठ्या चमच्यापासून सुरू करा, नारंगीच्या फुलांचं पाणी दोन छोट्या चमच्यांपासून, आणि मग अर्धा-अर्धा छोटा चमचा वाढवा. कडकपणा प्रत्येक बाटलीचा वेगळा, तेव्हा मोजमापापेक्षा गार ताटलीवर भरवसा ठेवा. बाटलीवर खाण्यायोग्य असं लिहिलेलं हवं, चेहऱ्याला लावायचं गुलाबपाणी नको. इसेन्स थेंबाच्या हिशेबाने. फुलांचं शुद्ध तेल मात्र घरी वापरू नका : एक थेंबही सहाशे मिलिला जास्त होऊ शकतो, आणि तो नीट न पसरता एखाद्याच ग्लासात जातो.

माझी स्वतःची पसंती विचाराल तर भिजवलेला सुका गुलाब आणि वरून थोडं गुलाबपाणी. भिजवण्याने खोली येते, गुलाबपाण्याने पहिल्याच घासाला ओळख पटते. नुसत्या एकाने दोन्ही साधत नाही.

आता जोडणी. जिलेटिन गार पाण्यावर भुरभुरा, एका जागी ढीग नको, आणि दहा मिनिटं फुगू द्या. दूध, साखर, मीठ गरम करा. साखर विरघळून दूध हाताला चांगलं चटका देईल इतकं, म्हणजे ६५ अंशांच्या आसपास, झालं की आच बंद करून फुगलेलं जिलेटिन घाला आणि ढवळा. चमच्याच्या पाठीवर घेऊन बघा, एकही कण दिसता कामा नये. जिलेटिन घातल्यावर उकळू नका, त्याची ताकद कमी होते. या पद्धतीत गरम होतं ते फक्त दूध. फुलांच्या स्वादाचं क्रीम पुन्हा आचेवर जातच नाही.

क्रीम फ्रीजमधून वीस मिनिटं आधी बाहेर काढून ठेवा. आधी स्वादाचं क्रीम गरम दुधात थोडं थोडं ओता आणि ढवळत राहा. क्रमही महत्त्वाचा आहे. गार क्रीमच्या पातेल्यात जिलेटिनचं दूध एकदम ओतलं तर ते जागच्या जागी थिजून दोरे तयार होतात. मग कोरं क्रीम निम्मं घाला, ताटलीवर चव घ्या, आणि उरलेलं किती घालायचं ते ठरवा. कोऱ्यातलं काही उरलं तर तेवढं दूध घालून एकूण माप पूर्ण करा. अर्थात स्वादासाठी दूधही कोरंच, पण त्याने पदार्थ किंचित पातळ चवीचा होतो, म्हणून पन्नास मिलिपेक्षा जास्त अदलाबदल नको.

तुमचा तो पिवळसर थर इथे अडवायचा. गरम मिश्रण तसंच ग्लासात ओतलं की घट्ट व्हायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात स्निग्धांश तरंगून वर येतो. पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवा, रबरी चमच्याने तळापासून आणि कडेने सावकाश ढवळत राहा. मिश्रण गार लागू लागेल आणि चमच्यावरून पडताना पातळ दह्यासारखं जड वाटेल, तेव्हाच ओता. साधारण पंधरा ते अठरा अंशांना ही अवस्था येते. कडेला जेली धरू लागली तर उशीर होतोय. पातेलं क्षणभर कोमट पाण्यात धरून पुन्हा सैल करा. फेटायचं नाही, बुडबुडे अडकतात. ग्लास भरल्यावर पूर्ण गार होईपर्यंत झाकण नको, वाफेचं पाणी वर पडतं. नंतर मात्र झाकाच, कारण क्रीम फ्रीजमधला कांदा-लसूण फुलापेक्षा लवकर उचलतं.

चार ते सहा तासांत सेट होतं. ग्लासातच वाढायचं असेल तर हे ५ ग्रॅम योग्य. हलवल्यावर मधोमध थरथरलं पाहिजे. साच्यातून ताटलीत काढायचं असेल तर ७ ग्रॅम घ्या, आणि साचा कोमट पाण्यात तीन-चार सेकंदच बुडवा. जिलेटिन चमच्याने मोजू नका. या पदार्थात एक ग्रॅमचा फरकही जिभेला कळतो, म्हणून छोटा वजनकाटा हवाच. जिलेटिनचे पत्रे वापरत असाल तरी आकड्यावर नका जाऊ, वजन करा.

अगर-अगर चालतं, पण ते जिलेटिनच्या जागी तितकंच घालायचं द्रव्य नाही. जिलेटिन तोंडात वितळतं. अगर-अगर एकदा धरलं की ८५ अंशांच्या आसपासच वितळतं, म्हणजे तोंडात फक्त तुटतं. पोत त्यामुळे वेगळाच, काहीसा कापला जाणारा. प्रमाण बरंच कमी : वरच्या मापाला पावडर १.८ ग्रॅम, साच्यातून काढायचं तर २.५ ग्रॅम. पट्ट्या किंवा दोऱ्यांचा हिशेब वेगळा असतो, नवशिक्याने पावडरच घ्यावी. पावडर गार दुधात ढवळून मिसळा, मग आच लावा आणि सतत ढवळत दोन मिनिटं नीट उकळा. इथे उकळी टाळली तर ते विरघळतच नाही आणि वाळूसारखं लागतं.

दुसरा धोका गार क्रीमचा. अगर-अगर ३५ ते ४० अंशांना धरू लागतं. फ्रीजमधलं क्रीम उकळत्या दुधात ओतलं तर मिश्रण या हद्दीच्या काठावर येतं आणि बारीक गुठळ्या होतात, त्या गाळूनही जात नाहीत. क्रीम आधी हाताला कोमट लागेल इतकं, ३० अंशांपर्यंत आणा. ९५ अंशांचं २०० मिलि दूध आणि ३० अंशांचं ४०० मिलि क्रीम मिळून पन्नासच्या वर राहतं, तेवढी उसंत पुरते. चव लगेच बघून लगेच ओता, बर्फाचं पाणी वगैरे नको. अगर-अगर पटकन धरतं, त्यामुळे वर थर येण्याची भानगडही नाही. मात्र दुसऱ्या दिवशी कडेने पाणी सुटतं, म्हणून अगर-अगरचं गोड त्याच दिवशी संपवलेलं बरं. आणि मिश्रण गरम राहत असल्याने मोगऱ्यासारख्या नाजूक फुलाचं थोडं नुकसान होतंच. अगर-अगरबरोबर गुलाब किंवा लॅव्हेंडर जास्त टिकतात.

रंगाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ताज्या लाल गुलाबाचं क्रीम राखाडी-जांभळट दिसलं असणार. पाकळ्यांचा रंग आंबट द्रवात गुलाबी राहतो, दुधासारख्या जवळजवळ उदासीन द्रवात निळसर होतो. लिंबू पिळून तो परत आणायला गेलात तर क्रीम फाटेल. गुलाबी हवाच असेल तर बिटाच्या रसाचे काही थेंब शेवटी घाला; तो रंग दुधात टिकतो, फक्त आचेने फिका पडतो. नाहीतर क्रीम पांढरंच ठेवा आणि पाकळ्या साखरेच्या पाण्यात भिजवून, त्यात लिंबू पिळून केलेलं गुलाबी सिरप वरून घाला. लाल अंबाडीसारखी आंबट उतरणारी फुलंही अशीच, वरच्या सिरपसाठी; क्रीममध्ये भिजवलीत तर फाटण्याची पाळी येईल. बाजारात मिळणाऱ्या गुलाबाच्या सिरपमध्येही कधी सायट्रिक ॲसिड असतं, तेव्हा ते गरम दुधात घालू नका आणि साखर त्या मानाने कमी करा. वर ताजं अननस किंवा किवी मांडायचा विचार असेल तर सोडून द्या. त्यांच्यातली विकरं (एन्झाइम) जिलेटिन विरघळवतात.

फुलं कुठली घ्यायची, यावर एकच ठाम सांगणं. खाण्यासाठी वाढवलेली, औषध न फवारलेलीच हवीत. गुच्छ आणि हारांसाठी विकलेली फुलं नकोत, धुऊन फवारणी जात नाही. ज्या फुलाची जात खात्रीने माहीत नाही ते भांड्यात जाऊ देऊ नका. कण्हेर आणि धोतरा विषारी आहेत हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण मोगऱ्या-जाईसारखी दिसणारी आणि तशाच नावाने ओळखली जाणारी सगळी फुलं खाण्याजोगी नसतात. पिवळी कॅरोलिना जेसमिन तर चांगलीच विषारी आहे.

ताजी फुलं गार भिजवलेलं गोड दोन दिवसांत संपवा. त्यात फुलं शिजलेली नसतात, म्हणून गरोदर बाई किंवा अगदी लहान मूल खाणार असेल तर सुक्या फुलांची गरम पद्धतच घ्या, आणि भिजवलेलं क्रीम गाळल्यावर झाकण ठेवून पुन्हा ८० अंशांपर्यंत तापवून गार करा. जिलेटिन पहिला दिवसभर हळूहळू घट्ट होत राहतं, त्यामुळे आदल्या दिवशी करणार असाल तर ५ ऐवजी साडेचार ग्रॅम घ्या. वाढायच्या आधी दहा मिनिटं ग्लास बाहेर काढून ठेवा. तेवढ्यात जेली ढासळत नाही, आणि फुलाचा स्वाद मोकळा होऊ लागतो.